एकाच भिंगाची शिस्त

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



शाळेच्या साठाव्या वर्षी व्याख्यानासाठी एका लहानशा कॅमेऱ्याचा विषय निवडला जावा, याचे काहींना नवल वाटेल. या कॅमेऱ्याचे भिंग बदलता येत नाही. दूरचे दृश्य जवळ ओढून आणण्याची सोय त्यात नाही. डोळा लावण्याची खिडकीही मधोमध नसून डाव्या कोपऱ्यात आहे. खिशातला फोन एका स्पर्शासरशी रुंद, अरुंद, जवळचे, लांबचे असे सारे काही टिपत असताना इतक्या गोष्टींना नकार देणारे यंत्र जाणत्या माणसांनी मोठी किंमत मोजून का घ्यावे, हा विचार करण्याजोगा प्रश्न आहे. त्याचे उत्तर शोधताना पाहणे, थांबणे, पुढे होणे आणि नोंद ठेवणे या चार गोष्टींपाशी यावे लागते, आणि या चारही गोष्टी मुळात शाळेतच शिकवल्या जातात.

या विचाराला दिल्लीतील एक रस्ता फार सोयीचा आहे. मंडी हाउसच्या चौकातून निघून इंडिया गेटभोवतीच्या षट्कोनी रस्त्याला मिळणारा कोपर्निकस मार्ग पायी पंधरा मिनिटांत संपतो. दिल्लीला गेलेल्या मराठी माणसाला तो जुन्या महाराष्ट्र सदनामुळे ठाऊक असतो. २०१३ साली कस्तुरबा गांधी मार्गावर नवे सदन उभे राहिले, तरी जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘सदन’ म्हणजे कोपर्निकस मार्गावरचेच. चौकाच्या बाजूला दूरदर्शन भवन आहे, १९७१ साली सुरू झालेले कमानी सभागृह आहे, आणि साहित्य, संगीत-नाटक व ललित कला या तिन्ही अकादमींना सामावून घेणारे, हबीब रहमान यांनी आखलेले रवींद्र भवन आहे. दुसऱ्या टोकाला, इंडिया गेटच्या बाजूस, बडोद्याच्या गायकवाडांसाठी ल्युटेन्सने बांधलेले बडोदा हाउस आहे. तेथे आज उत्तर रेल्वेचे मुख्यालय आहे.

ज्याच्या नावाने हा रस्ता ओळखला जातो, त्या पोलिश खगोलज्ञाचा आणि या कॅमेऱ्याचा संबंध वरवरचा नाही. १५४३ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात कोपर्निकसने पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे मांडले. त्यावर एक वाजवी आक्षेप होता. पृथ्वी खरोखरच जागा बदलत असेल, तर सहा महिन्यांच्या अंतराने पाहिल्यास जवळचे तारे दूरच्या ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर किंचित सरकलेले दिसायला हवेत. ते तर जागचे हलताना दिसत नव्हते. तारे इतके दूर आहेत की हा फरक डोळ्यांना जाणवतच नाही, असे कोपर्निकसचे उत्तर होते. ते खरे ठरायला जवळजवळ तीनशे वर्षे लागली. १८३८ साली बेसेल या जर्मन शास्त्रज्ञाने हंस तारकासमूहातील ‘६१ सिग्नी’ या ताऱ्याचे असे सरकणे मोजले. हा तारा सुमारे ११ प्रकाशवर्षे दूर आहे. पाहण्याची जागा बदलली की वस्तू पार्श्वभूमीवर सरकल्यासारखी दिसते. या सरकण्याला पराशय म्हणतात. हात लांब करून पेन्सिल धरावी, एकदा डावा आणि एकदा उजवा डोळा मिटावा, की पेन्सिल भिंतीवर उडी मारते. विज्ञानाच्या तासाला बहुतेकांनी हा प्रयोग केलेला असतो.

रेंजफाइंडर, म्हणजे अंतरमापी कॅमेरा, याच तत्त्वावर चालतो. त्याच्या पुढच्या बाजूस दोन लहान खिडक्या असतात. दोहोंतून दिसणाऱ्या प्रतिमा एकाच चौकटीत एकावर एक पडतात. भिंगाचे कडे फिरवता फिरवता त्या दोन प्रतिमा तंतोतंत जुळल्या की वस्तूचे अंतर साधले आणि चित्र स्पष्ट येणार, असे समजावे. बेसेलच्या मोजणीत दोन निरीक्षणस्थानांमधील अंतर पृथ्वीच्या कक्षेचा व्यास, म्हणजे सुमारे ३० कोटी किलोमीटर होते. १९५४च्या ‘लायका एम३’ या प्रसिद्ध कॅमेऱ्यात ते सात सेंटिमीटरांच्याही आत आहे, जवळपास माणसाच्या दोन डोळ्यांमधील अंतराएवढेच. मोजपट्टी वेगळी असली, तरी भूमिती एकच आहे.

या कॅमेऱ्यांचा इतिहास थोडक्यात सांगता येतो. जर्मनीतील वेट्झलार येथे ऑस्कर बार्नाक याने चित्रपटाच्या ३५ मि.मी. रुंदीच्या फितीवर चालणारा खिशात मावणारा कॅमेरा तयार केला आणि तो १९२५ साली ‘लायका’ या नावाने बाजारात आला. भिंगाशी जोडलेला अंतरमापी त्यात १९३२ साली बसला. पुढे आरशातून थेट भिंगातले दृश्य दाखवणारे एसएलआर कॅमेरे आले आणि अंतरमापी मागे पडला. डिजिटल युगात तो जवळजवळ विसरलाच गेला होता. अशा वेळी, मार्च २०११ मध्ये, जपानच्या फुजीफिल्मने ‘एक्स१००’ बाजारात आणला. २३ मि.मी.चे एकच न निघणारे भिंग, जुन्या पद्धतीच्या गोल चकत्या, कोपऱ्यात खिडकी आणि अर्ध्या किलोच्या आत वजन, असे त्याचे स्वरूप होते. पुढे सोनी आणि लायका यांनीही एकाच पक्क्या भिंगाचे कॅमेरे आणले. खुद्द एक्स१००च्या आवृत्त्या होत होत २०२४ साली सहावी आवृत्ती आली.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. एक्स१०० दिसतो अंतरमापीसारखा, पण अंतर दोन खिडक्यांच्या प्रतिमा जुळवून मोजत नाही. ते काम त्याच्यातील इलेक्ट्रॉनिक यंत्रणा करते. जुन्या कॅमेऱ्याकडून त्याने घेतली ती खिडकी. त्या काचेतून जग थेट दिसते, पडद्यावरचे चित्र म्हणून नव्हे. काचेवर एक उजळ चौकट उमटते. तिच्या आतले चित्रात येणार आणि बाहेरचे राहणार. पुढचा एक लहान खटका सरकवला की हीच खिडकी इलेक्ट्रॉनिक पडदा होते आणि भिंगाला जे दिसते तेच डोळ्याला दिसते.

काचेच्या खिडकीत पराशय पुन्हा भेटतो. डोळा कोपऱ्यात असतो आणि भिंग बाजूला, थोडे खाली. दहा मीटरवरच्या इमारतीसाठी हा फरक नगण्य ठरतो. हाताच्या अंतरावरच्या चहाच्या पेल्यासाठी मात्र तो चित्र बिघडवण्याइतका मोठा होतो. म्हणून बटण अर्धे दाबून अंतर ठरताच उजळ चौकट स्वतःच्या जागेवरून किंचित सरकते. नवशिक्याला तो बिघाड वाटतो. प्रत्यक्षात यंत्र त्याला बजावत असते की त्याचे पाहण्याचे स्थान आणि चित्राचे स्थान एक नाही. फार जवळच्या वस्तूसाठी इलेक्ट्रॉनिक पडद्याकडे वळावे, हा त्यावरचा सरळ उपाय.

या खिडकीचा मोठा लाभ चौकटीबाहेर आहे. मंडी हाउसच्या चौकात सायंकाळी नाटकाला निघालेली गर्दी, मेट्रोच्या जिन्यावरून वर येणारे विद्यार्थी, रिक्षावाले आणि पदपथावरचे चहावाले यांची सतत ये-जा असते. पडद्यावर पाहणाऱ्याला माणूस चौकटीत आल्यावरच दिसतो. काचेतून पाहणाऱ्याला तो येण्याआधी दिसतो, आणि त्याचे पाऊल कोठे पडेल याचा अंदाज बांधून थांबता येते. थांबण्याची ही सवय अंगी बाणली की शंभर चित्रांऐवजी चार काढली जातात, आणि त्या चारांत ठेवण्याजोगे एक असते.

आता एकाच भिंगाविषयी. या कॅमेऱ्याच्या संवेदकाची रुंदी सुमारे २३.६ मि.मी. आहे आणि भिंगाचे नाभीय अंतर २३ मि.मी. या दोन आकड्यांतून एक सोपा नियम हाती येतो. कॅमेरा आडवा धरला असता वस्तू जितक्या मीटरवर, साधारण तितकेच मीटर रुंदीचे दृश्य चौकटीत मावते, आणि उंची त्याच्या दोन तृतीयांशाएवढी. तीन मीटरवर उभे राहिल्यास तीन मीटर रुंद व दोन मीटर उंच दृश्य मिळते, म्हणजे उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत. चाळीस मुलांचा वर्ग दहा-दहाच्या चार रांगांत बसवला आणि प्रत्येकाला पंचेचाळीस सेंटिमीटर जागा दिली, तर रांग साडेचार मीटरांची होते. छायाचित्रकाराने पाच मीटरवर उभे राहावे, की दोन्ही कडांना थोडी मोकळी जागा राहते. हे गणित आठवड्याभरात पायांच्या अंगवळणी पडते. मग कॅमेरा डोळ्याला लावण्यापूर्वीच कोठे उभे राहायचे ते कळलेले असते.

अंतर साधण्याचीही अशीच एक जुनी युक्ती आहे. भिंगाचे छिद्र एफ ८ वर आणि अंतर सुमारे साडेतीन मीटरवर स्थिर केले, तर साधारण पावणेदोन मीटरपासून क्षितिजापर्यंतचे सारे काही नेहमीच्या आकाराच्या छपाईसाठी पुरेसे स्पष्ट येते. धावणारे मूल, वळून हसणारी आजी, टाळी देणारे दोन मित्र यांच्यासाठी यंत्राने अंतर शोधण्याची वाट पाहावी लागत नाही. बटण दाबले, चित्र झाले. दिल्लीच्या हिवाळी धुक्यात आणखी एक पथ्य पाळावे लागते. पांढऱ्या धुक्याला प्रकाशमापक करडे समजतो आणि चित्र काळवंडते. तेव्हा प्रकाश अर्ध्या ते पाऊण टप्प्याने वाढवावा, म्हणजे धुके धुक्यासारखे दिसते.

कमानी सभागृहासारख्या ठिकाणी या कॅमेऱ्याचा गुण आणि मर्यादा दोन्ही एकदम उघड होतात. त्याचे शटर भिंगातच बसवलेले पाकळ्यांचे असल्यामुळे आवाज जवळजवळ होत नाही, आणि शेजारच्या प्रेक्षकाचा रसभंग होत नाही. परंतु दहाव्या रांगेतून काढलेल्या चित्रात रंगमंच काडेपेटीएवढा दिसेल. भिंग लांब पोहोचत नाही, म्हणून माणसालाच पुढे जावे लागते, आणि प्रयोग चालू असताना पुढे जाणे असभ्यपणाचे आहे. उपाय एकच. आधी नाटकमंडळींची परवानगी घ्यावी आणि रंगीत तालमीला हजर राहावे. ज्याला लांबून चित्र चोरता येत नाही, त्याला ओळख करून घ्यावी लागते. एकाच भिंगाचे खरे शिक्षण हेच आहे. रस्त्यावरचा माणूस मोठा दिसावा असे वाटत असेल, तर त्याच्यापासून दीड मीटरवर जावे लागते, आणि दीड मीटर हे बोलण्याचे अंतर आहे. तेथे नमस्कार करावा लागतो, विचारावे लागते, नकार आला तर तो हसून स्वीकारावा लागतो. सरकारी इमारतींपुढे पहारेकऱ्याला विचारणे तर अनिवार्यच समजावे. लहान मुलांच्या बाबतीत पालकांची संमती घेतल्याशिवाय कॅमेरा उचलूच नये.

या शिस्तीचे मोठे वारसदार या शहराने पाहिले आहेत. फ्रेंच छायाचित्रकार आंरी कार्तिये-ब्रेसाँ ३० जानेवारी १९४८ रोजी बिर्ला भवनात गांधीजींना भेटला आणि त्याच सायंकाळी त्यांची हत्या झाली. बिर्ला भवनाच्या फाटकावर चढून जमावाला ती वार्ता सांगणारे नेहरू त्याच्या लायकाने टिपले. उजेड अपुरा होता, चित्र धूसर आले, पण त्या धूसरपणातही त्या रात्रीचा आकांत उतरला आहे. तो बहुतेक सारे काम ५० मि.मी.च्या एका भिंगावर करत असे. काय पाहायचे आणि कोठे उभे राहायचे हे त्याने ठरवले होते, बाकीचे त्याने साधनावर सोपवले.

दुसरे नाव होमाई व्यारावाला यांचे. १९१३ साली नवसारीत जन्मलेल्या, मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेल्या होमाईबाई भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार मानल्या जातात. १९४२ साली त्या दिल्लीत आल्या आणि पुढची जवळजवळ तीन दशके या राजधानीचा चेहरा त्यांनी नोंदवला. साडी नेसून, जड कॅमेरा खांद्याला लावून त्या सभांतून वावरत. त्यांच्या साधनांपैकी रोलीफ्लेक्सचे भिंगही न बदलणारेच होते. व्यक्तीची प्रतिष्ठा राखली जाईल असा क्षण येईपर्यंत थांबणे हा त्यांचा दंडक होता. नव्या छायाचित्रकारांचे बेशिस्त वागणे पाहून १९७०च्या सुमारास त्यांनी कॅमेरा बाजूला ठेवला तो कायमचा. २०११ साली त्यांना पद्मविभूषण मिळाले आणि पुढच्याच वर्षी त्या निवर्तल्या. कौशल्य हाती असताना केवळ शिष्टाचारासाठी ते खाली ठेवणाऱ्या या बाईंची आठवण आज हातोहाती कॅमेरे असताना अधिक मोलाची आहे.

तिसरे नाव मराठी घराघरांत माहीत आहे, पण चित्रपटांसाठी. दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात शिकले आणि गोध्र्याला छायाचित्रणाचा व्यवसाय करून पुढे आले. ‘राजा हरिश्चंद्र’ काढण्याआधी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला, कॅमेरा एका जागी रोखला आणि रोपाच्या वाढीची चित्रे दिवसामागून दिवस टिपली. ती सलग फिरवताच पडद्यावर बी रुजून वेल झाला. भांडवल देणाऱ्याला विश्वास वाटला तो हे पाहून. कॅमेरा हलला नाही, माणसाचा धीर सुटला नाही, एवढीच त्या प्रयोगाची सामग्री. कोपर्निकस मार्गाच्या टोकाला बडोदा हाउससमोर उभे राहिले असता, गायकवाडांच्या त्या कलाभवनातून निघालेला हा धागा कोठवर आला याची जाणीव होते.

आता पालकांच्या मनातला व्यावहारिक प्रश्न. असा कॅमेरा मुलाला घेऊन द्यावा का? नव्या आवृत्तीची किंमत दीड लाख रुपयांच्या पुढे आहे. शिकणाऱ्या मुलासाठी हा खर्च समर्थनीय नाही. क्रीडास्पर्धेतील धावपटू, झाडावरचा पक्षी, लांबचे व्यासपीठ यांच्यासाठी तर तो कामाचाच नाही. पहिल्या एक्स१००चा संवेदक १ कोटी २३ लाख बिंदूंचा होता, आणि तेवढ्यात या स्मरणिकेच्या पूर्ण पानाएवढे चित्र उत्तम छापता येते. तेव्हा हौसच असेल, तर जुनी, वापरलेली आवृत्ती तपासून घ्यावी. त्याहून चांगले म्हणजे घरात आहे त्या फोनवर एक महिना व्रत घ्यावे. फोनचे मुख्य भिंग तेवढे वापरायचे, बोटांनी चित्र मोठे करायचे नाही, दिवसाला बाराच चित्रे काढायची, आणि रात्री त्यांतील एक ठेवून त्याखाली दोन ओळी लिहायच्या. महिन्याअखेर मुलाचे पाहणे बदललेले दिसेल. नाही बदलले, तर दीड लाखांनीही बदलले नसते.

शेवटचा मुद्दा नोंद ठेवण्याचा, आणि साठ वर्षांच्या संस्थेला तोच सर्वांत जिव्हाळ्याचा आहे. पूर्वी वर्षातून एकदा स्टुडिओचा छायाचित्रकार तिपाई घेऊन शाळेत येई. काळ्या कापडात डोके खुपसून एकच चित्र काढी, आणि जाड पुठ्ठ्यावर डकवलेल्या त्या चित्राखाली ओळीवार नावे छापली जात. म्हणून पन्नास वर्षांनीही दुसऱ्या रांगेतील डावीकडून चौथा मुलगा कोण, ते सांगता येते. आज एका स्नेहसंमेलनाची हजार चित्रे निघतात आणि त्यांतील एकाखालीही नाव नसते. फोन बिघडतो, बदलतो, हरवतो, आणि त्याबरोबर वर्षे नाहीशी होतात. चित्रे कमी पडल्याने शाळेची स्मृती पुसली जाणार नाही. चित्रातली माणसे अनोळखी झाली, तर ती पुसली जाईल.

उपाय साधे आहेत. कॅमेऱ्यातील तारीख बरोबर लावावी. प्रत्येक समारंभाची दहा चित्रे निवडावीत. त्यांच्या तीन प्रती ठेवाव्यात, दोन वेगवेगळ्या साधनांवर, आणि एक शाळेच्या इमारतीबाहेर. त्या दहांपैकी दोन चांगल्या कागदावर छापावीत आणि पाठीमागे मऊ पेन्सिलीने लिहावे: कोण, डावीकडून उजवीकडे; कोठे; केव्हा; कोणत्या प्रसंगी; कोणी काढले. बॉलपेन वापरू नये, त्याचा दाब पुढच्या बाजूला उमटतो.

जुन्या चित्रांचे काम त्याहून तातडीचे आहे. घरोघरच्या पेट्यांत आणि अल्बमांत शाळेचे जे फोटो पडून आहेत, त्यांतली नावे सांगू शकणारे शिक्षक आणि पहिल्या तुकड्यांचे विद्यार्थी आज आहेत. हे काम पुढच्या महोत्सवावर टाकता येणार नाही. माजी विद्यार्थ्यांनी या वर्षी निदान एक फोटो घेऊन आपल्या जुन्या शिक्षकांकडे जावे, शेजारी बसून नावे विचारावीत आणि लिहून घ्यावीत. आणि निघताना, दीड मीटरवर उभे राहून, त्यांची परवानगी घेऊन, त्यांचेही एक चित्र काढावे.